पाळी निएवेसची

प्रिय निएवेस,

तुझी एक वस्तू माझ्याकडे अडकली आहे आणि मला ती ठेवून घेता येत नाही, म्हणून लिहिते आहे. यातून भलता अर्थ काढू नकोस. मलाच तो नीट लागलेला नाही.

रविवारी तुझा भाऊ रोमुलो आम्हाला सिंतीच्या खोऱ्यात घेऊन गेला. पोतोसीच्या थंडीतून जरा सुटका, एवढाच बेत. तुझी वहिनी एल्बा वाटभर अंजिरं खात होती. लाल कडे तसेच आहेत, मोयेच्या झाडांवर चढलेल्या द्राक्षवेलीही तशाच. लहानपणी तू त्या झाडांवर बसून द्राक्षं खायचीस आणि बिया माझ्या केसांत टाकायचीस. हे तिथेच का आठवावं? मी तर चीज खारट आहे का, ते बघत होते.

दुपारी जेवायला म्हाताऱ्या सेलेदोनिओंच्या मळ्यात थांबलो. “बाई, शाळेतली नोकरी संपली तरी तोंड आंबटच? ही घ्या,” म्हणत त्यांनी घरच्या द्राक्षांच्या दारूचे, सिंगानीचे, चार थेंब मातीला दिले, स्वतः प्यायले आणि तोच ग्लास भरून मला दिला. रीत तुला ठाऊक आहे. जो पितो त्याने पुढच्याचं नाव घ्यायचं, आणि तो प्यायल्याशिवाय ग्लास पुढे सरकत नाही. मी प्यायले. शेजारी एल्बा होती, समोर रोमुलो. मी ग्लास भरला आणि म्हणाले, “निएवेस, घे, तुझी पाळी.”

चार वर्षांपूर्वी तू त्या ढोलवाल्याबरोबर तारिहाला गेलीस, तेव्हापासून घरात तुझं नाव काढायचं नाही, हा नियम माझाच. एल्बा ताटात बघू लागली. रोमुलो हळूच म्हणाला, “आई, ती इथे नाहीये.” मला का ठाऊक नव्हतं? पण ग्लास पुढे केलेला हात खाली येईना. मला एल्बा म्हणायचं होतं, असं मी सांगून पाहिलं. सेलेदोनिओ म्हणाले, “घेतलेलं नाव गिळता येत नाही, बाई. आता आमचंही पिणं बंद.” मग तळलेलं डुकराचं मांस आणि उकडलेला मका सगळे पाण्याबरोबर खात बसले. निघताना सेलेदोनिओंनी ग्लासातली सिंगानी मातीवर ओतली आणि रिकामा ग्लास माझ्या मांडीवर ठेवला.

मी तुला माफ केलं आहे का, ते मला सांगता येत नाही. रोज विचार करते. नाव मात्र तोंडातून गेलं.

ग्लास सेलेदोनिओंना परत हवा आहे, आणि जो पितो त्यानेच तो नेऊन द्यायचा असतो. ईस्टरच्या रविवारी मी मळ्यात असेन. ढोलवाल्याला आणायचं की नाही, ते तू ठरव. मला विचारू नकोस.

तुझीच,
आई

तारिहाच्या बसचे ड्रायव्हर इलारिओन यांच्या हाती दिलं: जाड काचेचा ग्लास एक, न धुतलेला, माझ्या रुमालात गुंडाळून. सिंगानी, अर्धी बाटली.