दातेरी कड

बिश्केक, बुधवार

प्रिय आई,

तुझ्या दोन्ही हातांना अनारकुलचा सलाम. मी ठणठणीत आहे, दोन वेळा पोटभर जेवते. राखाडी घोडी व्याली का?

छातीतल्या दोन्ही गाठींची आज सोनोग्राफी झाली. एकीची कड गुळगुळीत, आत नुसतं पाणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला सुई लावायची गरजच नाही." दुसरीची कड मात्र दातेरी. पडद्यावर ती मला त्यांच्याआधी दिसली! जन्मभर गालिच्यांसाठी लोकरीचे जाड नमदे कापले, मला कड कळणार नाही? उद्या तिच्यात सुई घालून तुकडा तपासायला काढणार आहेत.

"सुई लागली की गाठ चवताळते," असा निरोप धाडलास. शेजारच्या उमसुनायमावशीनेच तुझे कान भरले असणार. तिला सांग, गाठ माझी आहे, मी संमतीच्या कागदावर सही करून मोकळी झाले. तू रागव हवं तर.

पाच वर्षांची होते तेव्हा माझ्या हातात सुई तूच दिलीस. बोटात घुसली म्हणून मी भोकाड पसरलं, तर म्हणालीस, "रक्त पूस आणि शीव."

नव्या नमद्याची शेवटची किनार तशीच ठेव. ती मी येऊन शिवणार आहे.

तुझ्यावरच गेलेली,
अनारकुल