उलायुकने दिलेलं उत्तर

प्रिय आई,

तुला अजून वाचता येत नाही, दुसरा वाढदिवस तर आत्ताच झाला. तरी लिहून ठेवते, मोठी झालीस की वाच. तू गेलीस, मग माझ्या भावाला, जोआनासीला, मुलगी झाली, तिला आम्ही तुझं उलायुक हे नाव दिलं, म्हणजे तू परत आलीस. मी तुझी थोरली लेक, म्हणून तुला आई म्हणते. तो तुझा बाप असून तुला आईच म्हणतो, आणि त्याची बायको सासूबाई, सासूबाई करत तुझं ढुंगण पुसते. पूर्वी तू तिला जेवढं राबवलंस त्याहून आता जास्त राबवतेस.

मागच्या वेळी तू कशी गेलीस ते तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. तुझं पोट दुखत होतं. जोआनासी तुला दवाखान्यात घेऊन गेला, तर मार्गो नावाच्या नर्सबाईने त्याला दाराबाहेर बसवलं. आपल्या या उत्तरेकडच्या बर्फातल्या गावाला डॉक्टर नाही. विमानाने दक्षिणेच्या हॉस्पिटलात कुणाला पाठवायचं ते नर्सच ठरवते. खूप दुखतंय का, तिने विचारलं. तू भुवया उंचावल्यास. उलटीत रक्त पडतं का? पुन्हा भुवया. भुवया वर म्हणजे हो आणि नाक मुरडलं म्हणजे नाही, हे आपल्याकडे रांगत्या पोरालाही कळतं. बाईला वाटलं, म्हातारी नुसती बघत बसलीय. बाहेर येऊन ती जोआनासीला म्हणाली, "तुझी आई उत्तरच देत नाही. काही विशेष दिसत नाही, घरी ने."

विमान तेव्हा धावपट्टीवर उभं होतं. पांघरुणात शिरताना तू मला म्हणालीस, "अगं, मी सगळ्याला हो म्हणाले. तरी ती आपली विचारतेच आहे." आपण दोघी हसलो. मग विमान निघून गेलं, वादळ आलं, आणि वादळ सरायच्या आत तू गेलीस.

मार्गोची बदली झाली. दक्षिणेतून येणाऱ्या नर्सना नि शिक्षकांना आपल्या रीतीभाती शिकवायचा वर्ग निघाला, तेव्हा ती नोकरी मी हट्टाने मागून घेतली. लोकांना वाटलं, आपियाला समाजसेवेचं वेड लागलंय. मी त्या बाईची वाट बघत होते.

यंदा ती परत आली. दवाखान्याची मुख्य नर्स व्हायचं होतं, आणि त्यासाठी माझा वर्ग पास होणं भाग होतं. मला तिने ओळखलं नाही. मी तिला सगळ्यांसमोर टेबलावर झोपवलं. म्हटलं, तुम्ही पेशंट, तोंडातून शब्द काढायचा नाही, फक्त चेहरा. खूप दुखतंय का? तिने शहाण्या मुलीसारख्या भुवया उंचावल्या. रक्त पडतं का? पुन्हा भुवया. मी वर्गाकडे वळून म्हणाले, "ही उत्तरच देत नाही. काही विशेष दिसत नाही, घरी न्या." वर्ग हसला. तीही हसली. मग तिची नजर दारात गेली, तिथे जोआनासी तुला कडेवर घेऊन उभा होता. त्याला मात्र तिने ओळखलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला, आणि मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

संध्याकाळी ती केक घेऊन घरी आली, रडत. मी म्हटलं, "मला काय सांगता? उलायुक ती बसलीय, तिला विचारा." तू जमिनीवर गोठलेल्या माशाचा तुकडा चोखत होतीस. नावाबरोबर माणूस परत येतं, हे मीच तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. ती तुझ्यापुढे गुडघ्यावर बसली. म्हणाली, "उलायुक, माझं चुकलं. मला माफ कराल?" तू तिच्याकडे नीट बघितलंस आणि नाक मुरडलंस.

तिला अर्थ सांगावा लागला नाही. उठली, बूट घातले, गेली. दुसऱ्या दिवशी मी तिला पास केलं. आता ती इथेच राहील. तुझी प्रत्येक लस तीच टोचेल, दुकानात तूच तिच्या समोर येशील, आणि प्रत्येक वेळी ती तुझ्या तोंडाकडे बघेल.

जोआनासी म्हणतो, तिच्या अत्तराचा वास तुला आवडला नसेल, बाकी काही नाही. तुझी सून चर्चमध्ये जाते, ती म्हणते, थोडी मोठी झाली की हिला हो म्हणायला शिकवू. म्हणून हे पत्र. दोघं मिळून तुझं उत्तर पुसायच्या आत ते कुठेतरी लिहिलेलं असावं. मागच्या वेळी तू हो म्हणालीस ते कुणी ऐकलं नाही. या वेळचं ‘नाही’ तरी ऐकलं जाऊ दे. बदलावंसं वाटलं तर तू बदल, मी अडवणार नाही. पण मला विचारशील, तर मी अजून नाक मुरडूनच बसले आहे.

तुझीच थोरली,
आपिया