तीन नंबरचं तापमान

४ मार्च, सकाळी ८
बायको बहिणीकडे गेली. चार दिवसांत येईल. जाताना मिक्सर नेला. बहिणीचा बिघडला असणार. घर शांत. या चार दिवसांत कर्नलमधली, म्हणजे कॉम्प्युटरच्या गाभ्यातल्या प्रोग्रॅममधली, ती चूक काढून टाकायची. प्रत्येक प्रोसेसरच्या पोटात एक रजिस्टर असतं, त्यात त्याचं तापमान. आमचा कोड ते चुकीचं सांगतो. एका ग्राहकाच्या मशीनमधला तीन नंबरचा प्रोसेसर जळून गेला, आणि स्क्रीनवर म्हणे चाळीस डिग्री. माझ्या डाव्या हातचा मळ.

५ मार्च
दुरुस्तीचा कोड, आमच्या भाषेत पॅच, पाठवला. सगळ्या प्रोसेसरांची सरासरी काढली. मास्तर, म्हणजे आमचे पॅच तपासणारे, नावं ठेवण्यात पटाईत. म्हणाले, सरासरी काढून जळणारा विझत नाही. कौतुक करायला मन मोठं लागतं.

८ मार्च
आली नाही. फोन केला. चाळीस मिनिटं तिला रजिस्टर म्हणजे काय ते समजावलं. एकदाही मध्ये बोलली नाही. आमचं आता छान जमतंय.

११ मार्च
दुसरा पॅच. दोनदा वाचायचं, आकडा जुळला तर खरा. परत आला. मास्तर लिहितात, दोन्ही वेळा तू आपल्याच जागी बसून वाचतोयस. संकल्प: रोज व्यायाम, आणि मास्तरांना उलट उत्तर नाही. व्यायाम उद्यापासून.

१२ मार्च
उलट उत्तर दिलं. व्यायाम राहिला.

१५ मार्च, संध्याकाळी
मेहुणीचा फोन. ताईचे उरलेले कपडे कधी नेऊ, विचारत होती. म्हटलं, मुक्काम वाढला वाटतं. मग म्हणाली, भाऊजी, ताई सहा महिने रोज रडत होती, तुम्हाला खरंच दिसलं नाही? म्हटलं, काहीतरीच काय, घरात सगळं ठीक होतं. मी तर मजेत होतो.

१६ मार्च, दुपारी ३
चूक सापडली. कोड विचारतो तीन नंबरचं, पण स्वतः ज्या प्रोसेसरवर चालतोय त्याचंच रजिस्टर वाचतो. तो गार, म्हणून सगळे गार. एकच ओळ बदलायची: तीन नंबरवर जा, तिथे वाच. टाइप करता करता हात थांबला. कालचं माझंच वाक्य आठवलं: मी तर मजेत होतो. जेवलो नाही. ऑफिसच्या बाथरूममध्ये रडलो.

१७ मार्च
पॅच मंजूर. उद्या तिच्याकडे जायचं. रजिस्टरचं नाव काढायचं नाही. फक्त विचारायचं आणि ऐकायचं. परत येणार, शंभर टक्के. मिक्सरची जागा पुसून ठेवली.

१८ मार्च
गेलो. आत बसवलं, पाणी दिलं. विचारलं, कशी आहेस? आणि गप्प बसलो. सात वर्षांत पहिल्यांदा.
बऱ्याच वेळाने म्हणाली, आता बरी आहे.
तिच्याकडे नीट बघितलं. खरंच बरी होती.
उरलेले कपडे शनिवारी मीच आणून देतो म्हटलं.