ताईचं ला-ला-ला

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. लांब असल्यामुळे चिमटा काढता येत नाही.

मी मजेत आहे. जेवतोही वेळेवर, म्हणजे जवळजवळ.

आठवतं, कपडे पिळताना तू माझी गाणी गुणगुणायचीस? ओळ पटली नाही की तिथे नुसतं ला-ला-ला करायचीस आणि मी निमूटपणे ती बदलायचो.

नव्या गाण्याची शेवटची ओळ मी वीसदा खोडली. काल वैतागून तिथे तुझं ला-ला-लाच ठेवलं. संगीतकार म्हणाले, "आता याला हात लावलास तर बघ!" आज रेकॉर्डिंगनंतर वादकसुद्धा तेच गुणगुणत जिना उतरले.

ऑपरेशननंतर घसा कसा आहे? डॉक्टरांनी परवानगी दिली की फोनवर फक्त ती शेवटची ओळ गा. तिला शब्द लागत नाहीत.

तुझा लाडका खोडरबर,
धाकटा