समोर बसून शिकवलेलं सूत

ता. ३ जून

तुझ्या वहीसाठी दोर वळण्याच्या शब्दांचे चौदा प्रश्न पाठवलेस, आणि त्यात माझ्या हाताचा एकही नाही! पीळ कमी पडला तर काय म्हणता, जास्त झाला तर काय म्हणता, तुटला तर काय म्हणता. तुटला तर जे म्हणतो ते टपालाने पाठवण्याजोगं नसतं.

चि. टिटवीस आजीचा आशीर्वाद. चिडून दिला तरी लागतो.

अक्षर कोंबडीचं आहे, कारण डाव्या हाताने लिहितेय. उजव्याची बोटं लुळी पडली, गेलीच. डॉक्टर म्हणाला, परत यायची नाहीत. खरं बोलला, बरा वाटला.

लिही आता. बारीक पडलेल्या जागेला आम्ही ‘उपाशी’ म्हणतो. तिथे वाखाचा, म्हणजे अंबाडीच्या तंतूंचा, नवा झुबका घालायचा, तो ‘पाहुणा’. पाहुणा आधी ओला करून घ्यावा, कोरडा निसटतो. पीळ जास्त होऊन सूत स्वतःभोवती वेटोळं घालायला लागलं की ‘माज आला’.

पण शब्दांनी होडी बांधता येत नाही. होडीवाल्याचा दोर अर्धा राहिलाय. कातायला दोन हात लागतात, माझा एक उरला. या महिनाअखेर आपली दोर वळायची शेड रिकामी करून मागतायत, तिथे गाड्या लावणार. म्हणजे हा शेवटचाच दोर. बरोबर अंबाडीचा वाख आणि सूत कातायची जुनी चाती पाठवतेय. सहा वर्षांची असताना शिकवलं होतं. आठव आणि दोन लडी कातून पाठव.

आजी

ता. १४ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

हाताचं विचारलं नाही, चुकले. आईने ‘थोडं दुखतंय’ एवढंच सांगितलं होतं.

चाती हातात घेतली आणि आपोआप फिरली, आजी! आपण समोरासमोर बसायचो ना, तसं तुला डोळ्यांपुढे आणलं आणि कातत गेले. बोटं सोलली, तळव्याला फोड आले. चार पाहुणे घातले, एकही निसटला नाही. दोन लडी पाठवतेय. तिकडे यायच्या सुट्टीचं साहेबांना विचारते, पण यंदा कठीण दिसतंय.

रागावलीस तरी पत्र टाकत राहा.

तुझी टिटवी

ता. २५ जून

चि. टिटवीस आशीर्वाद.

सूत एकसारखं आहे. उपाशी जागा एक नाही. आणि सगळं उलटं आहे.

शेजारणीला टोक धरायला बसवून तुझ्या लडी माझ्या सुताबरोबर वळल्या. माझा पीळ उजवा, तुझा डावा. एक आवळला की दुसरा उकलतो. होडीवाल्याने दोर खुंट्याला बांधून हिसका दिला, तर तो केसांसारखा पिंजारला. एरवी अख्खा घाट डोक्यावर घेणारा माणूस, हळूच म्हणाला, आजी, राहू दे. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने प्लॅस्टिकचा आणला.

चूक तुझी नाही. नीट दिसावं म्हणून मी तुला समोर बसवलं. मी उजवा हात उचलला की तू आरशासारखा डावा उचलायचीस. शेजारी बसवायला हवं होतं. तेव्हा कुणी तुझं सूत वळून पाहिलंच नाही. पोरीचा खेळ म्हणून कौतुक केलं आणि फेकून दिलं.

काल शेड रिकामी केली. दोर वळायची चाकं भंगारवाल्याने नेली. ज्या डबक्यात अंबाडी भिजवायचो, ते मागेच बुजवलंय. तेव्हा तुझ्या वहीतले शब्द आता वहीतच राहायचे.

एक टोपली मात्र घरी आणली. माझ्या जावेची. ती डावखुरी होती, तिचं सूत उलट्या पिळाचं. माझ्यात मिसळू नये म्हणून चाळीस वर्षं टोपल्या वेगळ्या ठेवल्या. बोलणंही बेताचंच ठेवलं. ती गेल्यावर ते सूत कुणाच्याच कामाचं उरलं नाही.

तुझं उरलेलं हातभर सूत तिच्या सुताबरोबर वळून पाहिलं. शेजारणीने ओढलं, मी ओढलं. सुटलं नाही. शेळी बांधायलाही पुरायचं नाही, पण सुटलं नाही.

टोपली खाटेखाली आहे. तिच्यातलं सूत कोण वळणार, हा माझा पंधरावा प्रश्न. येणार नसशील तर सरळ ‘नाही’ लिही. चुलीत घालायला एक हात पुरतो. उत्तर तू लिहायचंस, आईने नाही. ती ‘पाहू’ लिहील.

आजी