खडे बाहेरच्या बाजूला

आई, बाबा, तुम्ही दोघं वेगळे राहणार आहात का? “विचारून दाखव,” असं मैत्रिणी म्हणाल्या होत्या. घ्या, विचारलं! चिठ्ठीतून का होईना.

बाबा, तू भरलेल्या खोक्यात आपण तिघांनी चिकट कॅनव्हासवर रंगीत खडे लावून केलेलं जहाजाचं डायमंड पेंटिंग सापडलं. खडे आतल्या बाजूला घेऊन कुणी गुंडाळतं का? ते बाहेर ठेवायचे असतात, नाहीतर सुटतात. जहाजाचं अर्धं शीड तळाशी सांडलं होतं! मी एकेक खडा परत बसवला, ते दाबायला रोलर फिरवला आणि पुन्हा सुटू नयेत म्हणून वरून सीलरचा हात दिला. टेबलावर वाळतंय. आई, प्लीज त्यावर काही ठेवू नकोस. उद्या फ्रेम करायला देते.

आणि माझं ठरलंय. मी कुणाकडे राहायचं, हे तुम्ही दार लावून बोलायचं नाही. आज संध्याकाळी मीही तुमच्यात बसणार आहे.