विरळ रेषा

छावणी, ३ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

इथला स्वयंपाकी आमटीत दोनदा मीठ घालतो आणि भावोजी मुकाट्याने दोनदा वाढून घेतात. वळलेल्या शिंगांचा एक प्राणी आहे, त्याची तर गंमतच... पण ते राहू दे. ताई, माझ्या हातून घाण झाली आहे.

नकाशावर उंचीच्या रेषा विरळ असल्या की उतार सोपा, दाट असल्या की कडा. खिंडीपलीकडचा उतार मोजायला मला पाठवलं होतं. मी त्या प्राण्यामागे दुपारभर हिंडलो, मग धुकं आलं. परत येऊन अंदाजाने रेषा काढल्या, छान विरळ. काल समोरच्या धारेवरून पाहिलं, तर तिथे सरळ तुटलेला कडा! अकरा तारखेला भावोजी चौघांना घेऊन त्याच कागदाच्या भरवशावर तिथून उतरणार आहेत.

ही माझी सहावी नोकरी, तीही त्यांच्या शब्दावर मिळालेली. रोज त्यांच्या शेजारी जेवतो, पण तोंडच उघडत नाही. तुझं पत्र आलं की लगेच सांगतो.

रागाव, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

घर, ८ एप्रिल

चि. भटक्यास अ. आ.

गाढवा, माझा नवरा तुझ्यापासून हातभर अंतरावर, आणि तू मला चार-पाच दिवसांच्या वाटेवर पत्रं कसली लिहितोस? शाळा बुडवायचास तेव्हा मी पांघरूण घातलं. डोंगर माझं ऐकणार नाही. हे वाचत बसू नकोस, ऊठ आणि सांग. नोकरी गेली खड्ड्यात. तुझं पत्र वाचल्यापासून माझ्या हातून धड पोळी लाटली जात नाही.

दोघे जिवंत या, मग लोभाचं बघू.

ताई

खिंड, १३ एप्रिल

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र काल मिळालं. ते परवाच निघाले होते.

मोठ्या साहेबांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. दोरखंड दिला, सोबत एक ओझेवाला दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

धुक्यात स्वतःचा हात दिसत नाही. पाच जणांची पावलं खाली गेली आहेत, पुढे नुसती निसटलेली दगडमाती. हाका मारल्या. खालून एकच आवाज ओ देतो. ओझेवाला म्हणतो भावोजींचा नाही. मी म्हणतो त्यांचाच. ताई, मला खरंच ओळखता येत नाही.

त्याला आणखी माणसं आणायला धाडतोय, हे पत्र त्याच्याकडेच देतो. मी दोर बांधून उतरतो. लोभ असू दे म्हणायला हात धजत नाही.

थांबतो. आवाज मघापेक्षा बारीक झालाय.

धाकटा